दहा मीटरवरचा एफएम : पुसदच्या डोंगरावर रिपीटर लावावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुसद तालुक्यातले. हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी रेडिओचे, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचे (सुरुवातीच्या पातळीचे) लायसन्स नुकतेच हाती आले आहे, घरी एचएफचा, म्हणजे लघुलहरींचा, रेडिओ आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास दहा मीटरच्या बँडवर (तरंगलांबी साधारण दहा मीटर असलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा), २९.६४० मेगाहर्ट्झवर, एफएममध्ये स्वच्छ आवाज आला. बोलणारा थांबला की रिपीटरची, म्हणजे एकाचा सिग्नल ऐकून तो जोराने पुन्हा सोडणाऱ्या यंत्राची, शेपटी (बोलणे थांबल्यावरही क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) ऐकू येत होती. तुम्ही पंधरा-वीस वेळा पीटीटी (बोलण्याचे बटन) दाबून हाक दिली, पण कोणीच ओ दिली नाही. त्यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. आपले काय चुकले, ही पहिली. दुसरी अशी की तसाच एक दहा मीटरचा रिपीटर आपल्या डोंगरावर बसवला, तर पुसद, उमरखेड, महागाव आणि दिग्रस हे चार तालुके पुरात किंवा वादळात, मोबाइलचे टॉवर बंद पडल्यावर, एकमेकांशी बोलू शकतील का.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो आणि तीस वर्षांपासून हॅम रेडिओवर आहे. दहा मीटर हा माझा सगळ्यात आवडता बँड आहे, म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चार तालुक्यांच्या कामासाठी दहा मीटरचा रिपीटर लावू नका. त्यात दोन वर्षे आणि बरेच पैसे जातील, आणि ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी तो दगा देऊ शकतो. का, ते सविस्तर सांगतो, कारण त्या कारणांमध्येच तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर आहे.

दहा मीटरचा बँड २८.० ते २९.७ मेगाहर्ट्झ. एफएमला त्याच्या वरच्या टोकाची जागा दिलेली आहे, कारण एफएम ऐसपैस बसतो. एसएसबीचा (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत) आवाज तीन किलोहर्ट्झच्या आत मावतो. एफएममध्ये डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे सरकते ते अंतर) पाच किलोहर्ट्झ ठेवले आणि आवाजाची वरची मर्यादा तीन किलोहर्ट्झ धरली, तर दोन्हींची बेरीज करून दुप्पट करायची, म्हणजे सोळा किलोहर्ट्झ जागा लागते. डेव्हिएशन अडीचवर आणले की तेच काम अकरात होते. तुमच्या रेडिओवर एफएम-एन म्हणजे नॅरो असा पर्याय असेल, तो निवडा.

या भागातले रस्ते ठरलेले आहेत. २९.६०० ही जगभर एफएमवर हाक देण्याची जागा. रिपीटर २९.६२०, २९.६४०, २९.६६० आणि २९.६८० या चार जागांवर बोलतात, आणि त्याच्या बरोबर १०० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे २९.५२०, २९.५४०, २९.५६० आणि २९.५८० वर ऐकतात. एवढ्या मोठ्या जगाला मिळून मुख्य अशा या चारच जोड्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

आता तुमची ती सकाळ. तुम्ही २९.६४० वर ऐकत होता आणि, तुमच्या वर्णनावरून, २९.६४० वरच बोलत होता. रिपीटरचा कान तिथे नसतोच, तो २९.५४० वर असतो. रेडिओच्या मेनूत डुप्लेक्स किंवा शिफ्ट असे सेटिंग असते, त्यात उणे १०० किलोहर्ट्झ टाका. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण दोन मीटरवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडवर, शिफ्ट ६०० किलोहर्ट्झ असते आणि तोच आकडा डोक्यात बसलेला असतो. दुसरी अडचण टोनची. रिपीटरला तुमच्या आवाजाखाली एक बारीक सलग सूर हवा असतो, ६७ ते २५४ हर्ट्झच्या मधला. तो ठरलेला सूर नसेल तर रिपीटर दार उघडत नाही. ही सक्ती कोणाला दूर ठेवण्यासाठी केलेली नाही. बँड उघडला की २९.५४० वर दिलेली एक हाक तीन देशांतल्या चार रिपीटरना एकाच वेळी ऐकू जाते. टोन नसता तर चौघेही एकदम बोलायला लागले असते आणि २९.६४० वर फक्त शिट्ट्या उरल्या असत्या. म्हणून आधी तो रिपीटर कोणता हे ओळखायचे. तो ठराविक वेळाने मोर्समध्ये किंवा आवाजात आपले कॉलसाइन (लायसन्सवरचे ओळखनाव) सांगतो. ते लिहून घ्या आणि त्या रिपीटरचा टोन शोधून सेट करा.

हे सगळे बरोबर केले तरी कधी कधी तो उघडत नाही, आणि त्याला एफएमचा स्वभाव कारणीभूत आहे. एसएसबीत दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचेही थोडे थोडे ऐकू येते. एफएममध्ये तसे होत नाही. ज्याचा सिग्नल थोडाही वरचढ, त्याचा आवाज पूर्ण येतो आणि दुसरा जणू अस्तित्वातच नसतो. इंग्रजीत याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. तुमच्या पन्नास वॉटच्या हाकेच्या वेळी तिथलाच स्थानिक माणूस बोलत असेल तर रिपीटरला तुमची चाहूलसुद्धा लागत नाही. शिवाय एफएमला एक उंबरठा असतो. सिग्नल त्याच्या वर असेल तर आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ, आणि जरा खाली गेला की सगळी खरखर. एसएसबी अशा वेळी कण्हत-कुथत का होईना, काम पार पाडतो. म्हणून तुम्हाला रिपीटर छान ऐकू आला यावरून त्यालाही तुम्ही ऐकू जाल असे धरून चालू नका. तो उंच जागेवरून, चांगल्या अँटेनातून बोलतो, आणि तुमच्या छतावर सध्या काय आहे ते तुम्ही लिहिलेले नाही.

आता डोंगरावरच्या रिपीटरकडे येतो. रिपीटर म्हणजे एकाच वेळी ऐकणारे आणि बोलणारे यंत्र. कानाशी ओरडत असताना दूरचे कुजबुजणे ऐकायचे, असे ते काम आहे. दोन मीटरवर कान आणि तोंड यांच्यात ६०० किलोहर्ट्झ अंतर असते, दहा मीटरवर फक्त १००. ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोच, पण तिच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी खरखरही सांडतो, आणि जितके जवळ जाल तितकी ती दाट. १०० किलोहर्ट्झवर ती इतकी दाट असते की रिसीव्हर बहिरा होतो. ही खरखर आणि मूळ सिग्नल दोन्ही रिसीव्हरपासून तोडायचे तर साधारण ९० डेसिबलची आडभिंत लागते.

दोन मीटरवर ही भिंत कॅव्हिटी फिल्टरने उभी करतात, म्हणजे तांब्या-पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ डबे. कॅव्हिटीची लांबी पाव तरंगलांबीची. १४५ मेगाहर्ट्झवर पाव तरंग ५२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरचे पाच-सहा डबे एका रॅकमध्ये बसतात. २९.६ वर पाव तरंग जवळपास अडीच मीटर. माणसापेक्षा उंच सहा पिंपे डोंगरावर चढवायची, ती ऊन-पावसात ट्यून राखायची, आणि मेच्या ४५ अंशांत धातू प्रसरण पावला की पुन्हा ट्यून करायची. अँटेना एकावर एक लावून अंतर वाढवावे म्हटले, तर दहा मीटर उंचीचा टॉवर दोन मीटरच्या बँडच्या हिशेबाने पाच तरंगलांब्यांचा असतो, पण इथे तो जेमतेम एक तरंगलांबी भरतो. त्यातून मिळणारी आडभिंत पुरत नाही.

हे मी करून पाहिले आहे. माझे एक मित्र आहेत, लायसन्सधारक, शेती करतात. त्यांच्या वावराच्या एका धुऱ्यावर मी २९.६४० वर पंचवीस वॉटचा ट्रान्समीटर लावला. दुसऱ्या धुऱ्यावर, तीनशे मीटरवर, ते २९.५४० वर रिसीव्हर घेऊन बसले. मधे पऱ्हाटी उभी होती. तिसरा मित्र बारा किलोमीटरवरच्या गावातून २९.५४० वर कमी पॉवरने आकडे मोजत होता. माझा ट्रान्समीटर बंद असताना त्याचा आकडा न आकडा कळत होता. मी बटन दाबले की तो पूर्ण नाहीसा. मी बटन सोडले की परत हजर. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही ठीक होते, आणि मधे तीनशे मीटर शेत होते. त्या दिवशी आम्ही तिघांनी डोंगरावरच्या रिपीटरचा विचार सोडला.

मग जगात दहा मीटरचे रिपीटर चालतात कसे? पुष्कळांनी कान एका टेकडीवर आणि तोंड काही किलोमीटर लांबच्या दुसऱ्या टेकडीवर ठेवले आहे, आणि दोन्ही यूएचएफच्या (याहून खूप उंच फ्रिक्वेन्सीच्या) लिंकने जोडले आहेत. म्हणजे दोन जागा, दोन झोपड्या, दोन बॅटऱ्या, दोन सोलर पॅनेल, आणि वरून लिंकचा खर्च. आपल्याकडे रिपीटर आणि लिंक दोन्हींसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ परवाने देणाऱ्या) शाखेची वेगळी परवानगी लागते. तुमचे वैयक्तिक लायसन्स त्याला पुरत नाही. पुसदकडच्या बऱ्याच टेकड्या वनजमिनीत येतात, म्हणजे वनविभागाचा कागद आणखी निराळा.

समजा हे सगळे जमले. तरी सौरडागांच्या चढत्या वर्षांत, नेमक्या आणीबाणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, सहा हजार किलोमीटरवरचा कोणीतरी तुमच्या २९.५४० वर बोलत असेल, आणि त्याचा सिग्नल महागावच्या माणसापेक्षा वरचढ असेल. कॅप्चर इफेक्टमुळे रिपीटर त्याचाच होईल. टोन लावला तर तो तुमचा रिपीटर उघडू शकणार नाही, पण महागावच्या माणसाचा आवाज मात्र तो दाबेलच, कारण टोन दार राखतो, रस्ता मोकळा करत नाही. म्हणून म्हणतो, पुराच्या दिवशी दहा मीटरच्या भरवशावर राहू नका.

मग चार तालुक्यांसाठी काय करायचे? दोन गोष्टी, आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिली म्हणजे दोन मीटरचा रिपीटर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये. परवानगी त्यालाही लागतेच, पण एक टेकडी, एक टॉवर, अर्ध्या मीटरच्या कॅव्हिटी आणि एक चांगली बॅटरी एवढ्यात भागते. उंचीचा हिशेब असा : अँटेनाच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे, तेवढे किलोमीटर तिचे क्षितिज. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा दोनशे मीटर उंच टेकडीचे क्षितिज ५८ किलोमीटर येते. खालच्या माणसाची अँटेना दहा मीटर उंच असेल तर त्यात आणखी १३ मिळवा. तुमचे चारही तालुके त्यात बऱ्यापैकी बसतात, फक्त मधल्या डोंगररांगांच्या सावलीतली गावे राहतील.

त्या सावलीतल्या गावांसाठी दुसरी गोष्ट. चाळीस मीटर, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, एसएसबी. वीस मीटर लांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली सरळ तार) जमिनीपासून चार-पाच मीटरवरच, मुद्दाम कमी उंचीवर बांधायचा. त्यातून सिग्नल सरळ वर जातो आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) छत्रीसारखा खाली पडतो. मधे डोंगर आला काय आणि नदी आली काय, त्याला फरक पडत नाही. दिवसा यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतचे स्टेशन असे एकमेकांना मिळतात. रात्री हे ७ मेगाहर्ट्झवर बरेचदा तुटते, तेव्हा ३.५ वर यावे लागते. पुराच्या वेळी मी जे काही केले ते यावर केले, दहा मीटरवर कधीच नाही.

याचा अर्थ दहा मीटरवर जवळचे बोलणे होतच नाही असा नाही. रिपीटरशिवाय, रेडिओ ते रेडिओ, म्हणजे सिंप्लेक्सवर, हा बँड खेड्यात फार उपयोगी आहे. १४५ मेगाहर्ट्झची लाट डोंगराच्या कडेला अडते, २९ ची लाट कडेवरून थोडी जास्त वाकते. टेकडीच्या पलीकडच्या वस्तीत दोन मीटरचा हँडसेट मुका झाला आणि त्याच जागी दहा मीटरचे बोलणे सुरू राहिले, असे माझ्या अनुभवात अनेकदा झाले आहे. छतावर साधी उभी अँटेना असलेल्या दोन घरांमध्ये पंधरा-वीस किलोमीटर बिनघोर होतात. फक्त गप्पांसाठी २९.६०० अडवू नका, ती हाकेची जागा आहे. हाक दिली, माणूस भेटला की २९.१०० ते २९.२०० च्या मधे कुठेतरी उतरा. आणि २९.३०० ते २९.५१० मध्ये एफएम अजिबात लावू नका, ती उपग्रहांची जागा आहे.

उपग्रहांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण हे मला फार मोलाचे वाटते. ऑस्कर-७ नावाचा हॅम लोकांचा उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ ला सुटला. १९८१ मध्ये बॅटरीत शॉर्ट होऊन तो बंद पडला आणि सगळ्यांनी त्याला मेलेला धरले. जून २००२ मध्ये तो अचानक पुन्हा बोलू लागला, कारण शॉर्ट झालेली बॅटरी पुढे आतून तुटून ओपन झाली आणि सोलर पॅनेलची वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून उन्हात आला की तो जागा होतो आणि सावलीत गेला की झोपतो. त्याच्या एका मोडमध्ये त्याचा आवाज २९.४ ते २९.५ मेगाहर्ट्झवर येतो, तोही अगदी क्षीण. गावातल्या दोघांनी तिथे एफएमवर तुरीच्या भावाची चर्चा सुरू केली, तर आजूबाजूच्या सगळ्यांसाठी तो पन्नास वर्षांचा उपग्रह पुसला जातो.

आता तुमच्या छताकडे. अँटेना विकत घेऊ नका, बनवा. रिवाइंडिंगच्या दुकानातून सोळा गेजची सुपर इनॅमल तार आणा, जुनी निघाली तरी चालते, फक्त टोकाचा इनॅमल खरवडून काढा. २९.६ साठी उभा तुकडा २.४१ मीटर, पण कापताना २.५० कापा. खाली चार तुकडे, तेही अडीच मीटरचे, पंचेचाळीस अंशांत चारी दिशांना खाली ताणलेले. बांबूवर बांधा. बांबूचे बळ तुम्हाला माहीत आहेच. कोअ‍ॅक्सचा (गोल अँटेना-केबलचा) मधला तार उभ्या तुकड्याला, जाळी चार तुकड्यांना. मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारे) लावून उभा तुकडा एकेक सेंटिमीटर कापत २९.६ वर आणा. वीस मीटर केबल असेल तर साध्या आरजी-५८ मध्ये दीड डेसिबलच्या आसपास जाते, ते सहन होते. त्यापुढे केबल लांबली तर जाड घ्या. रिसीव्हरपुढे प्री-अ‍ॅम्प्लिफायर लावण्याच्या भानगडीत पडू नका. २९ मेगाहर्ट्झवर आकाशातून, आकाशगंगेतूनच, इतकी खरखर येते की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीला काही किंमत राहत नाही.

एफएममध्ये बटन दाबलेले असेपर्यंत रेडिओ पूर्ण पॉवर ओततो. एसएसबीसारखी शब्दांच्या मधे त्याला उसंत मिळत नाही. तुमच्या ग्रेडला पन्नास वॉटची मर्यादा आहे, पण उन्हाळ्यात मी शंभर वॉटच्या रेडिओवरसुद्धा एफएमला तीसच्या वर जात नाही. टिनाच्या खोलीत दुपारी दोन वाजता लांबलचक बोलून फायनल (पॉवर देणारे) ट्रान्झिस्टर गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

खरी लढाई गोंगाटाशी आहे, आणि ती आपल्या भागात शहरापेक्षा वेगळ्या तऱ्हेची आहे. रोही आणि रानडुकरांसाठी वावराभोवती लावलेले झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. कुंपणाच्या तारेला गवत किंवा फांदी टेकली की तिथे ठिणगी पडते आणि रेडिओत टक-टक सुरू होते. तार साफ केली की बहुतेक वेळा ती जाते, आणि शेजाऱ्याचे मशीनही नीट काम करू लागते, म्हणून तो तुम्हाला आनंदाने साफ करू देतो. सोलर पंपाचा कंट्रोलर सकाळी ऊन आल्यापासून उतरेपर्यंत सूंसूं करतो, आणि दहा मीटर उघडा असतो तो नेमका त्याच वेळात. अँटेना पंपापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या आणि त्यांवर फेराइटचे कडे चढवले की बराच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये अकरा केव्हीच्या लाइनवर एखादा पिन इन्सुलेटर सैल असेल तर दिवसभर चरचर येते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की ती आपोआप थांबते. असा पोल शोधायला एएमचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन लाइनच्या खालून चालत जा, आवाज वाढत जाईल तिकडे तो पोल. खांबाला हात लावू नका, नंबर लिहून लाइनमनला द्या. एफएमचा रिसीव्हर हा ठोक्यांचा गोंगाट एएम-एसएसबीपेक्षा चांगला कापतो, पण सिग्नल उंबरठ्याच्या वर असेल तेव्हाच.

यापुढे जे लिहितो त्यासाठी मी दहा मीटरवर आहे. विदर्भाचे स्थान या बँडला फार अनुकूल आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि त्याच्या उत्तर-दक्षिणेला काही अंशांवर आयनांबर सगळ्यात दाट असते. आपण त्या दाट पट्ट्याच्या जवळ आहोत. म्हणून युरोपातल्या माणसासाठी दहा मीटर मिटलेला असतो तेव्हाही आपल्याकडे दक्षिणेच्या दिशेने काहीतरी उघडे सापडते. एकूण चढउतार मात्र सूर्याच्या हाती. सौरडागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, आणि सूर्य ऐन भरात आल्याचे नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे आता उतार लागतो आहे. तुम्ही चांगल्या वेळी आलात. पुढच्या काही वर्षांत हा बँड दिवसेंदिवस गप्प राहील, म्हणून जे ऐकायचे ते आताच ऐका.

बँड उघडा आहे की नाही हे कळण्यासाठी २८.२०० वर जा, मोड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा. तिथे जगभरातले अठरा बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप सिग्नल देणारी स्टेशने) पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक जण आपले कॉलसाइन मोर्समध्ये देतो आणि मग एकेका सेकंदाचे चार लांब सूर काढतो : पहिला शंभर वॉटवर, दुसरा दहा, तिसरा एक, चौथा एक दशांश वॉटवर. तुम्हाला मोर्स येत नाही, तरी चालेल. पाळ्या घड्याळावर ठरलेल्या आहेत. आपल्या घड्याळात मिनिटाला तीनने भाग जातो त्या क्षणी, म्हणजे ९.००, ९.०३, ९.०६ असे, नवी फेरी सुरू होते असे धरा. तिथून दीड मिनिटाने पश्चिम ऑस्ट्रेलिया, एक मिनिट चाळीस सेकंदांनी जपान, एक मिनिट पन्नास सेकंदांनी सैबेरियातले नोव्होसिबिर्स्क, बरोबर दोन मिनिटांनी हाँगकाँग, त्यानंतर दहा सेकंदांनी श्रीलंका, मग दक्षिण आफ्रिका, केनिया, इस्राएल आणि फिनलंड, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने. एखादा बीकन अधूनमधून बंद असतो. घड्याळ मोबाइलवरून सेकंदाला जुळवून घ्या आणि एक वही करा.

वहीत काय पाहायचे? हाँगकाँग आपल्यापासून सुमारे ३७०० किलोमीटर, आयनांबरावरून एकाच उडीत गाठण्याइतके. तो आला म्हणजे पूर्वेचे दार उघडले. शेवटचा, एक दशांश वॉटचा सूरही ऐकू आला तर रेडिओ सोडून उठू नका, त्या दिवशी तुमचे पन्नास वॉट पुष्कळ आहेत. श्रीलंका त्याहून खूप जवळ, साधारण पंधराशे किलोमीटर, पण बरेचदा ऐकूच येत नाही, कारण तो उडीच्या आतल्या, सिग्नल वरून निघून जातो अशा मुक्या पट्ट्यात पडतो. एखाद्या दिवशी श्रीलंका जोरात आला तर एक तर आयनांबर कमालीचे दाट झाले आहे, किंवा खालच्या थरात मधेच दाट ढग तयार झाला आहे, ज्याला स्पोरॅडिक-ई म्हणतात. अशा दिवशी दक्षिण भारतातली, एरवी मुक्या पट्ट्यात पडणारी स्टेशनेसुद्धा एफएमवर मिळू शकतात. साधारणपणे सकाळी पूर्वेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम सगळ्यात भरघोस.

बीकन चांगले आले की मग २९.६०० वर या आणि ऐका. जपानकडे दार उघडे असेल तर २९.३०० वरही कान द्या. तिकडच्या एफएमवाल्यांची हाकेची जागा ती आहे, आणि जपानमध्ये दहा मीटरच्या एफएमची आवड मोठी आहे. कधी कधी आवाज जोरात असूनही पाण्यातून आल्यासारखा घुसमटतो. एकच सिग्नल दोन वाटांनी, किंचित मागेपुढे येतो आणि एफएम त्याने बिघडतो. रेडिओत खराबी शोधू नका, मिनिटभर थांबा किंवा त्याला एसएसबीवर यायला सांगा. आयनांबर असे हलत असताना रिपीटरचा टोनही नीट ओळखला जात नाही, आणि दार उघडता उघडता मिटते. तुमच्या त्या सकाळी हेही झाले असू शकते.

आणि रिपीटरवर हाक देण्याआधी त्याच्या २९.५४० वर पाच मिनिटे फक्त ऐका. तिथे दुसऱ्या देशाचा माणूस बोलत असेल तर तुमची हाक त्याच्यावर पडते, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

वीज पडण्याबद्दल बोलल्याशिवाय थांबता येत नाही. आपल्या भागात मृगाच्या आधीच्या वादळांत दर वर्षी माणसे आणि जनावरे जातात. उभ्या बांबूवरची तांब्याची तार ही विजेला दिलेली हाक आहे. आभाळ भरून आले, पहिला गडगडाट दूरवर ऐकू आला, की कोअ‍ॅक्स रेडिओतून काढा आणि खिडकीबाहेर टाका. घरात नुसती सुटी ठेवणे पुरेसे नाही. बाहेर अँटेनाच्या पायाशी तांब्याची किंवा जीआयची सळई अडीच मीटर जमिनीत ठोका. काळ्या मातीत ती सहज जाते, उन्हाळ्यात मात्र माती भेगाळते तेव्हा सळईभोवती पाणी टाकत राहा. वादळ डोक्यावर आल्यावर केबल काढायला उठू नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

अँटेना उभी झाली की आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे २८.२०० ऐका आणि वही भरा. रविवारी सकाळी नऊ वाजता मी ७.१०० च्या आसपास एसएसबीवर असतो. तुमच्या आणि माझ्या गावात जितके अंतर आहे तितक्या अंतरावर दहा मीटरवर आपली गाठ पडणे कठीण, पण चाळीसवर पडेल. वही जवळ ठेवा आणि कोणत्या दिवशी कोणता बीकन चौथ्या सुरापर्यंत आला ते वाचून दाखवा.